पोच घेतल्याशिवाय घरी यायचं नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर आहे, त्याचं झाकण गेल्या दिवाळीच्या आधी फुटलं. पहिल्या दिवशी कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचली, दुसऱ्या दिवशी फांदीला लाल फडकं बांधलं, आठवड्याने तिथे टायर आलं, आणि मग मंडळाच्या पोरांनी गणपतीतला बॅरिकेड आणून ठेवला, म्हणजे आता हे कायमचंच असं सगळ्यांनी मनातून धरून टाकलं. आपल्याकडे खड्डा बुजत नाही, खड्ड्याची सवय होते.

त्याच काळात सोसायटीच्या ग्रुपवर काय चाललं होतं म्हणाल तर ट्रम्पचं टॅरिफ. रोज रात्री नऊ ते अकरा. कोण कोणाच्या गाडीतून आला, कोण कोणाच्या दारात थांबला, २०२२ ला एक पक्ष फुटला २०२३ ला दुसरा फुटला त्यात खरा गद्दार कोण, हे सगळं आमच्या लोकांना तारखेनिशी पाठ. पण आपल्या भागाचा ज्युनिअर इंजिनिअर कोण, तो कुठे बसतो, असं विचारलं तर सगळे गप्प. सगळे म्हणजे मीसुद्धा, आधीच सांगतो. मी तेहतीस वर्षं सरकारी ऑफिसात काढली, त्यातली अकरा बारनिशीत, आणि तरी महिनाभर मी पण फांदी बघूनच दुधाला जात होतो, कोणीतरी करेल म्हणून. एक दिवस आमची ही म्हणाली, तुम्ही सगळे टीव्हीवर देश चालवता, मला भाजी घेऊन येताना त्या टायरला वळसा घालावा लागतो तेवढं बघा. लागलं मनाला.

बारनिशी म्हणजे काय ते नवीन पोरांना माहीत नसेल. बाहेरून आलेला प्रत्येक कागद जिथे घेतात, शिक्का मारतात, नंबर टाकतात आणि मग ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवतात, ते टेबल. आवक-जावक म्हणा. ऑफिसात त्याला कोणी किंमत देत नाही, नवीन आलेल्याला नाहीतर साहेबाशी भांडलेल्याला तिथे बसवतात, मी दुसऱ्या प्रकारातला. पण काउंटरच्या आतून मी अकरा वर्षं बघितलंय की कुठला माणूस काम करून घेऊन जातो आणि कुठला नुसता ओरडून जातो, तेच इथे सांगतोय. हे मी फोनवर बोलून टाईप करतोय, सुनेने शिकवलंय, तेव्हा वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या.

आधी टेबल शोधा

लोकांची पहिली चूक म्हणजे एकदम वर जातात. आयुक्तांना टॅग करतात, मुख्यमंत्र्यांना टॅग करतात, एकाने तर पंतप्रधानांना पत्र टाकलं गल्लीतल्या दिव्यासाठी. वर दिलेला कागद खालीच येतो हो. वरून प्रत्येक ठिकाणी एक शिक्का आणि "योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित" एवढं लिहून तो महिन्या-दीड महिन्याने त्याच ज्युनिअर इंजिनिअरच्या टेबलावर पडतो, ज्याच्याकडे तुम्ही चालत दहा मिनिटांत गेला असतात.

तर महापालिका असेल तर आपलं क्षेत्रीय कार्यालय कुठलं ते शोधा, ज्याला अजून सगळे वॉर्ड ऑफिसच म्हणतात. तिथे गेल्यावर दारातल्या शिपायाला विचारा, साहेबाला नाही. शिपायाला सगळं माहीत असतं. ड्रेनेज वेगळं, पाणी वेगळं, रस्ता वेगळा, दिवे वेगळे, कचरा आरोग्य निरीक्षकाकडे. आमचं झाकण रस्त्यात असलं तरी ते ड्रेनेजवाल्यांचं. मी आधी रस्त्याच्या टेबलावर गेलो तर त्या पोराने शांतपणे सांगितलं, काका झाकण आमचं नाही, झाकणाच्या बाजूचा डांबर आमचा. हसायला आलं पण खरंच तसंच आहे, आणि टेबल चुकलं की तुमचा अर्ज दोन टेबलांच्या मध्ये बेवारस होतो.

उतरंड साधारण अशी की खाली मुकादम, मग ज्युनिअर इंजिनिअर म्हणजे जेई, मग डेप्युटी म्हणजे उपअभियंता, मग कार्यकारी अभियंता. मुकादमाला कमी समजू नका. झाकण आणणारी गाडी कुठे आहे आणि गोदामात झाकण आहे की नाही हे फक्त त्याला ठाऊक असतं. मी नुसता बोलायला म्हणून गेलो तर तो म्हणाला गोदामात लोखंडी नाहीत, चोरीला जातात म्हणून आता सिमेंटची येतात, आणि ती पण संपलीत. ही बातमी टीव्हीवर मिळाली नसती.

गावात असाल तर गोष्ट जास्त सोपी आणि जास्त अवघड. सोपी म्हणजे ग्रामसेवक, आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि सरपंच दोघं तोंडओळखीचे. अवघडही त्याचमुळे, उद्या त्यांच्या घरी लग्नाला जायचं असतं. पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जाऊन विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. लोक जातात, भाषण करतात, टाळ्या घेतात आणि येतात, इतिवृत्तात काय लिहिलं ते बघतच नाहीत. मग पुढच्या सभेला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं तेव्हा तुमचा विषय त्यात नसतोच. मग बसा बोंबलत.

अर्ज कसा लिहायचा

एक पान. एका पानाच्या पुढे कोणी वाचत नाही, मी पण वाचत नव्हतो. बारनिशीत दिवसाला शंभर-दीडशे कागद यायचे, विषयाची ओळ वाचून कुठल्या टेबलाला पाठवायचं ते ठरायचं. विषयाच्या ओळीत "विविध नागरी समस्यांबाबत" असं लिहिलंत तर तो कागद कुठल्याच टेबलाचा नाही. एक अर्ज, एक विषय. झाकण, पाणी आणि भटकी कुत्री एकाच कागदावर घातलंत तर तिघंही म्हणतील माझा भाग झाला, बाकीचं त्यांचं.

माझा अर्ज हा असा होता, जवळजवळ जसाच्या तसा:

प्रति, मा. उपअभियंता (मलनिस्सारण), अमुक क्षेत्रीय कार्यालय.
विषय: तमुक गल्लीच्या तोंडाशी, दुधाच्या दुकानासमोरील चेंबरचे फुटलेले झाकण बदलण्याबाबत.
महोदय, वरील ठिकाणी चेंबरचे झाकण सुमारे एक महिन्यापासून फुटलेले आहे. चेंबरची खोली अंदाजे पाच फूट आहे. गल्लीत बालवाडी असून सकाळी ८ ते ९ या वेळेत ३० ते ४० लहान मुले येथून जातात. सोबत दोन छायाचित्रे जोडली आहेत. तरी झाकण बसवून त्याबाबत मला लेखी कळवावे ही विनंती.
आपला विश्वासू, नाव, पत्ता, फोन, तारीख.
प्रत माहितीस्तव: १) मा. कार्यकारी अभियंता २) मा. सहायक आयुक्त.

एवढंच. यात रागाचा एक शब्द नाही हे बघा. लोक अर्जात कर भरतो म्हणून सुनावतात, शिवाजी महाराजांचं स्वराज्य आणतात, आमच्याकडे एकाने अर्जात ज्ञानेश्वरीतली ओवी घातली होती, सुंदर होती पण ओवीला आवक नंबर देऊन पाठवायची कुठे. तुमचा संताप तो क्लार्क घरी नेणार नाही. त्याला हवी असते जागा, खूण, माप आणि धोका कोणाला आहे ते. बालवाडी लिहिली ना, तिथेच पेन थांबतं, कारण उद्या पोर पडलं तर हा कागद कोणाच्या टेबलावर होता ते निघणार हे त्याला माझ्याइतकंच कळतं. मात्र खोटं लिहू नका. बालवाडी नसताना लिहिलीत तर स्थळपाहणीत सगळा अर्जच पडतो.

आणि शेवटी "लेखी कळवावे" हे दोन शब्द सोडू नका. ते नसले की अर्ज "दाखल" होतो, म्हणजे फाईलला लागतो आणि झोपतो.

खाली ती "प्रत माहितीस्तव" ची ओळ बिनकामाची वाटते पण तिच्यात खरा जीव आहे. साहेबाच्या साहेबाला प्रत गेलीय म्हटल्यावर खालचा माणूस कागद ड्रॉवरमध्ये टाकायच्या आधी दोनदा विचार करतो. नुसतं लिहू नका, खरंच द्या, तिन्ही ठिकाणी.

सह्या घ्या, पण किती ते ऐका. आमच्या ग्रुपवर दोनशे चाळीस माणसं आहेत, सह्या मिळाल्या सात. दोघं म्हणाले आमचं नाव कशाला, एक म्हणाला माझ्या मुलाचं बांधकामाचं काम त्याच ऑफिसात आहे, एकाने अंगठ्याची खूण पाठवली फोनवरून आणि म्हणाला हीच सही समजा. सात पुष्कळ झाल्या. एकट्याची सही पण चालते, कायद्याने अर्जाला गर्दी लागत नाही.

पोच

आता मुद्द्याचं. अर्जाची झेरॉक्स बरोबर न्या, मूळ अर्ज त्यांना द्या आणि झेरॉक्सवर शिक्का, तारीख, आवक नंबर आणि घेणाऱ्याची सही घेऊन या. याला पोच म्हणतात. हिच्याशिवाय तुम्ही ऑफिसात गेला होतात याला पुरावा नाही, तुम्ही गप्पा मारून आलात.

पोच देताना काय काय होतं ते सांगतो, कारण हे सगळं मी स्वतः केलेलं आहे. "साहेब नाहीत, उद्या या." साहेबाची गरज नसते, कागद घ्यायला बारनिशी असते. "शिक्का आत कुलुपात आहे." मग मी बसतो म्हणा, आणि बसा, बाकडं असतंच, बाकड्यावर कुठल्या तरी माननीयांचं नाव पण असतं वाचायला. "ठेवून जा, नंबर नंतर टाकतो." हे सगळ्यात घातक, कारण नंतर कधीच येत नाही. "नुसती सही करून देतो." नुसत्या सहीला अर्थ नाही, उद्या तो माणूस बदलून गेला की ही सही कोणाची ते त्याची बायको सांगेल फक्त. शिक्का आणि नंबर. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त उठू नका. म्हाताऱ्या माणसाला एक फायदा असतो, आपल्याला कुठे जायची घाई नसते हे समोरच्याच्या लक्षात येतं आणि तो घाबरतो.

अगदीच नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. महापालिकेच्या अॅपवर तक्रार टाकलीत तरी हरकत नाही, टोकन नंबर येतो, तो कागदावर लिहून ठेवा. पण अॅपचा माझा अनुभव असा की तिसऱ्या दिवशी "तक्रार निकाली" असा मेसेज येतो आणि बाहेर येऊन बघावं तर फांदी तशीच. निकाली काय निघालं तर तक्रार, झाकण नाही. म्हणून मी अॅपवर टाकतो आणि कागद पण देतो.

मी घरी एक पातळ फाईल केलीय, पंचवीस रुपयांची, त्यात सगळ्या पोचा तारखेने लावलेल्या. मुलगा हसतो, म्हणतो बाबा फोटो काढून क्लाऊडवर ठेवा. ठेवतो ना, पण ती फाईल काखेत घेऊन ऑफिसात शिरलं की जे चेहरे होतात ते क्लाऊडने होत नाहीत.

पंधरा दिवस झाले, काही हललं नाही

हलणार नाहीच, पहिल्या अर्जात क्वचितच हलतं. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या, चार ओळींचं, संदर्भात आधीच्या अर्जाचा आवक नंबर आणि तारीख. त्याचीही पोच.

स्मरणपत्रात एक ओळ घाला. २००५ चा एक कायदा आहे आपल्या राज्याचा, सगळे त्याला बदल्यांचा कायदा म्हणतात कारण कर्मचाऱ्यांना त्यातला बदल्यांचा भागच प्रिय आहे, पण त्याच कायद्यात दफ्तर दिरंगाईचा भाग आहे आणि त्यात लिहिलंय की सर्वसाधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. तेव्हा "दफ्तर दिरंगाई कायद्यानुसार कार्यवाही अपेक्षित आहे" एवढं लिहा. धमकी नको, आठवण.

आणि दाखला, नळजोडणी, मालमत्तेवर नाव लावणं असलं काम असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वेगळा आहे. त्यात कुठल्या सेवेला किती दिवस ते ठरवून दिलंय, ऑफिसात बोर्ड लावायचा असतो, आणि वेळेत नाही मिळालं तर त्याच खात्यात दोन अपिलं आणि मग लोकसेवा हक्क आयोग. आमच्या भाचीचा दाखला असाच अडला होता, बोर्डाकडे बोट दाखवून मुदत विचारली, दोन दिवसांत मिळाला. बोर्ड कपाटाच्या मागे होता ते सोडा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकशाही दिन असतो, म्हणजे साहेब लोक समोर बसून तक्रारी ऐकतात तो दिवस, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. तिथे पण आधी खाली अर्ज दिल्याचा पुरावा मागतात. म्हणजे परत पोच.

आमच्या झाकणाच्या बाबतीत मधेच आचारसंहिता आली. २०२५ च्या डिसेंबरात महापालिकांच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि त्या दिवसापासून ऑफिसात प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, आचारसंहिता आहे काका. मी म्हटलं आचारसंहितेत नवीन कामाची घोषणा, नारळ, उद्घाटन बंद असतं, फुटलेलं झाकण बसवायला कोणी बंदी घातलीय ते दाखवा मला. दाखवलं नाही. पण बसवलंही नाही.

माहितीचा अधिकार, पण जपून

महिना उलटला की हे हत्यार. आपल्या राज्यात हा कायदा देशाच्या आधी आला होता, अण्णा हजारे २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा कुठे राज्याचा कायदा धड झाला, आणि मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा. मी तेव्हा नोकरीत होतो. खरं सांगतो, ऑफिसात सुतक आल्यासारखे चेहरे होते. टिपणी, म्हणजे फाईलवर आम्ही आतल्या आत लिहिलेले शेरे, लोकांना दाखवायची? टिपणी म्हणजे आमची खासगी वही असल्यासारखं आम्ही वागायचो. पहिला अर्ज आला तो मीच नोंदवला आणि दिवसभर सगळे येऊन त्याला बघून जात होते, घरात साप निघाल्यासारखे.

करायचं काय तर जोडपत्र अ चा नमुना घ्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही. आपल्या राज्यात नियम असा की एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. ऑनलाईन पण होतो, राज्याचं पोर्टल आहे, पण स्टॅम्प लावून हातात दिलेल्या अर्जाचा रुबाब वेगळा.

विचारायचं काय, इथे नव्वद टक्के लोक गंडतात. "झाकण का बसवले नाही?" असं विचारू नका. "का" चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, जो कागद ऑफिसात आहे तोच द्यायचा असतो. म्हणून कागद मागा. मी हे विचारलं: माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही दिनांकनिहाय. तो अर्ज कोणकोणत्या अधिकारी-कर्मचाऱ्यांकडे किती दिवस होता, त्यांची पदनामं. त्यावरच्या टिपणीची प्रत. नागरिकांच्या सनदेत, म्हणजे कुठलं काम किती दिवसांत करू हे ऑफिसाने लिहून दिलेलं असतं त्यात, या कामाला दिलेली मुदत. बस. यात कोणावर आरोप नाही, पण दुसरा प्रश्न वाचला की प्रत्येक जण आपापल्या टेबलावरचा कागद शोधायला लागतो, कारण प्रत्येकाला वाटतं यादीत शेवटचं नाव आपलं नको.

रस्ता असेल तर आणखी मजा. कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू कर म्हणून दिलेल्या पत्राची, प्रत मागा, मोजमाप वहीची प्रत मागा, ऑफिसात तिला एमबी म्हणतात, आणि दोष दायित्व कालावधी किती ते विचारा. ठेकेदाराने ठराविक काळ रस्ता स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि होतं काय की त्या काळातच रस्ता उखडतो आणि दुरुस्तीचं नवीन टेंडर निघतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच. एमबी मध्ये किती लांबीचा, किती जाडीचा थर लिहिलाय ते बघा आणि मग टेप घेऊन संध्याकाळी फिरायला जा. शेजारचे निवृत्त मास्तर आणि मी एकदा गेलो होतो, मास्तरांनी टेप धरला, मी वाकलो, परत सरळ व्हायला वेळ लागला, पण कागदावरचा रस्ता आणि जमिनीवरचा रस्ता यात बराच फरक होता एवढं कळलं.

तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला तर त्यांनीच पाच दिवसांत बरोबर ठिकाणी पाठवायचा, "आमच्याकडे येत नाही" म्हणून परत करता येत नाही. प्रती पानाला दोन रुपये घेतात, पण तीस दिवस उलटून गेले तर फुकट द्यायच्या. उत्तर नाही आलं किंवा टोलवाटोलवीचं आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडे, वीस रुपयांचा स्टॅम्प, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड करू शकतो. करू शकतो, करतोच असं नाही, आणि तिथे अपिलांचा ढीग आहे, तेव्हा झाकणासाठी तिथवर जायची वेळ आणू नका.

जपून अशासाठी म्हटलं की या कायद्याचं काही लोकांनी दुकान केलंय. बिल्डरच्या कामाबद्दल अर्ज टाकायचा, मग त्याला भेटायचं, मग अर्ज मागे. तोडपाणी. त्यांच्यामुळे खऱ्या माणसाकडे पण ऑफिसवाले संशयाने बघतात. आपण ज्या कामासाठी अर्ज केला तेवढंच धरून राहायचं, साहेबाने चहा मागवला तर घ्यायचा, दुसऱ्याची फाईल काढून देतो म्हणाला तर उठायचं.

आणि नगरसेवक?

या प्रश्नावर माझी आणि मुलाची रोज खडाजंगी. तो म्हणतो मत दिलं ना, आता त्याचं काम. मी म्हणतो कोणाला दिलंस, सांग. चारही नावं सांग. दोन सांगता आली.

त्याचा तरी काय दोष म्हणा. मुंबई सोडली तर बाकी शहरांत आता एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक, अ ब क ड, चार बटणं दाबायची. पुण्याचंच बघा, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा, आणि आता पण चौघांचा. दर वेळी जो सत्तेत त्याला जे सोयीचं ते. चौघांत मिळून जबाबदारी म्हणजे बारभाईचा कारभार, ड्रेनेजचं अ ला विचारावं तर तो म्हणतो तो भाग क बघतात. आणि हे सुद्धा मिळायला किती थांबलो आपण. बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चच्या आसपास संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. घटनेची ७४ वी दुरुस्ती म्हणते मुदत पाच वर्षं, निवडणूक त्याच्या आत घ्या, आणि इथे चार वर्षं कोणाला काही वाटलं नाही, नऊच्या डिबेटमध्ये पण नाही. मला याचाच राग आहे. खालची सत्ता चार वर्षं बंद होती आणि आपण वरच्या सत्तेचे मोहरे मोजत होतो.

तरी नगरसेवकाकडे जा. रिकाम्या हाताने नको, फाईल घेऊन जा. "भाऊ आमचं झाकण बघा ना" म्हटलं की तो समोर कोणाला तरी फोन लावतो, स्पीकरवर टाकतो, "लगेच करून द्या" म्हणतो, तुम्ही खूश होऊन येता. पलीकडचा कोण होता देवाला ठाऊक. त्यापेक्षा पोचेची झेरॉक्स द्या आणि म्हणा या अर्जाच्या संदर्भाने तुमच्या लेटरहेडवर एक पत्र द्या. ते पत्र बारनिशीत वेगळ्या ट्रेमध्ये जातं, हे मी छातीठोक सांगतो. आणि निधी बाकड्यांवर आणि कमानीवर घालू नका असं तोंडावर सांगा. आमच्या भागात बसायला माणसं कमी आणि "यांच्या संकल्पनेतून" लिहिलेली बाकडी जास्त. बाकड्यात संकल्पना ती काय असते?

एक अजून. निम्म्या जागा बायकांच्या आहेत, २०११ पासून. पण फोन केला की नवराच उचलतो, "बोला, मीच बघतो." त्यांच्याशी बोलू नका. ताईंना द्या म्हणा. आमच्या इथे तीनदा म्हटलं तेव्हा ताई आल्या फोनवर, आणि त्यांना झाकण कुठलं, ते फुटलं कधी, टायर कोणी ठेवलं, सगळं माहीत होतं, कारण त्या पण त्याच रस्त्याने भाजीला जातात. पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं. नवऱ्याने दोन महिने नुसतं स्पीकरवर टाकलं होतं.

प्रचाराच्या वेळेला मात्र पाय धरून कोणाकडून काही करून घेऊ नका. चारही पक्षांच्या पदयात्रा त्या टायरला वळसा घालून गेल्या, एकाने तर तिथेच उभं राहून विकासावर भाषण केलं. एका पक्षाचा पोरगा म्हणाला, आजोबा उद्या झाकण टाकतो, स्वतःच्या पैशाने. मी नको म्हटलं. ही चिडली, म्हणाली मिळत होतं तर घ्यायचं. पण त्याने टाकलं असतं तर झाकणावर पण संकल्पना आली असती, आणि ऑफिसातला माझा अर्ज "काम झाले" म्हणून बंद.

माहिती अधिकाराचा अर्ज दिल्यापासून सव्विसाव्या दिवशी सकाळी साडेसहाला गाडी आली. मुकादम स्वतः होता, मला बघून म्हणाला, आलं काका तुमचं झाकण. सिमेंटचं, नवीन, दोन तासांत बसवून गेले. मी बॅरिकेड मंडळाच्या पोरांना परत दिला, फांदी होळीला ठेवली, टायर कोणाचं ते अजून कळलेलं नाही. आणि दुपारी ऑफिसातून फोन, काका काम झालं, तेवढा माहितीचा अर्ज मागे घेतल्याचं लिहून द्या. मी म्हटलं माहिती तर अजून आली नाही, ती पाठवा. ती पण आली, तीन पानं, सहा रुपये. माझा अर्ज एका टेबलावर एकोणचाळीस दिवस होता. कुठल्या ते मला कळलं आणि त्याला कळलं, पुरे.

झाकण मात्र रस्त्यापेक्षा दोन इंच वर बसलंय. काल संध्याकाळी एक स्कूटरवाला त्यावर आपटला, पडला नाही, पण पिशवीतले टोमॅटो रस्ताभर. ग्रुपवर लगेच फोटो आला आणि खाली चाळीस जणांनी रागाची तोंडं टाकली. मी मास्तरांना टेप आणायला सांगितलंय, या वेळी वाकायचं त्यांनी. विषयाची ओळ लिहून झालीय आणि दोन झेरॉक्स काढायच्यात, दुकान दहाला उघडतं.